मीठपाणी पिणारा देव

तोचिन मूळचा वेशोत्सिंकोचा, चटया विणणारा. लढाईत आमच्या लोकांच्या हाती सापडला आणि अंगावर एकही व्रण नाही म्हणून देव झाला. एका वर्षासाठी. तेवढं वर्ष देवाच्या वेषात त्याने आमच्या तेनोचतित्लान शहराच्या रस्त्यांतून बासरी वाजवत हिंडायचं, लोकांनी त्याच्यापुढे वाकून माती जिभेला लावायची, आणि सणाच्या दिवशी त्याने आपल्या पायांनी देवळाच्या पायऱ्या चढायच्या. वर पुजारी सुरी घेऊन उभे असतात. त्याच्या आठ राखणदारांचा मी म्होरक्या. देव पळाला तर म्होरक्याला त्याच्या जागी चढावं लागतं. त्यामुळे सगळं शहर त्याच्या पाया पडत होतं आणि मी त्या पायांवर नजर ठेवून होतो.

बासरी तो भिकार वाजवायचा. खायचा मात्र मन लावून. टर्कीचं मांस भरून मक्याच्या सालीत वाफवलेले तमाले दिसले की देवपण विसरायचा. देव जाड झालेला चालत नाही, म्हणून पोट सुटायला लागलं की आम्ही त्याला मीठपाणी पाजायचो.

"काका, देवाला असं छळतात का?"

"गप पी. कंबर बघ स्वतःची."

"कंबर कशाला? त्यांना काळीजच हवंय ना?"

बाकीचे सात जण खो खो हसायचे. मलाही हसू यायचं, पण मी ते दाबायचो.

"भीती नाही वाटत रे?" मी एकदा विचारलंच.

"सकाळी उठल्या उठल्या वाटते. मग न्याहारी येते." मग म्हणाला, "बाप खोकून खोकून मेला. अंथरुणात मेलेल्यांना पाताळात चार वर्षं बोचऱ्या वाऱ्यात तंगडतोड. मी थेट सूर्याच्या सोबतीला. आमच्या घराण्यात कोण गेलंय तिथे?"

सणाला वीस दिवस उरले असताना तो भर बाजारातून गायब झाला. मी शोधत सुटलो. धापा टाकत कालव्यावर पोचलो, तर हा तिथे त्याच्याच गावच्या एका होडीवाल्याशी बोलत उभा. मी बोरूच्या बेटाआड थांबलो.

"चल, झोप या गवताखाली," होडीवाला म्हणत होता. "पलीकडे सोडतो."

"आणि माझ्या जागी?"

"तो म्हातारा चढेल. तुला काय त्याचं?"

"तो? अरे, दोन पायऱ्यांत त्याचे गुडघे ओरडायला लागतात. वर पोचेपर्यंत सण संपेल!" मग त्याने गळ्यातली फुलांची माळ काढली. "आणि गावात पळपुट्याशेजारी जेवायला कोण बसणार? आईसुद्धा नाही बसायची. एवढी माळ तिला दे. जा."

मी रागावल्याचं सोंग करत पुढे झालो आणि त्याला दंडाला धरून आणलं. जीव वाचल्याचा आनंद झाला, आणि त्या आनंदाची लाज वाटली. त्या दिवसापासून त्याच्या पाण्यात मी मीठच घातलं नाही.

सणाच्या दिवशी राखणदारांनी पायथ्याशीच थांबायचं असतं. त्याने पहिल्या पायरीवर रीतीप्रमाणे एक बासरी मोडली आणि मागे वळून डोळा मारला.

"काका, आत्ता पळालो तर?"

वर्षभर मी ज्या शब्दाला घाबरलो, तो माझ्याच तोंडून निघाला.

"पळ, बाळा."

तो हसला. मग वळला आणि दुसरी पायरी चढला.