मी फाडलेली यादी

एम.ए.च्या पहिल्या वर्षाला असताना विभागाच्या फलकावर सूचना लागली. किशोरवयीनांच्या मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहाय्यक विद्यार्थी हवेत, मानधन नाही, प्रमाणपत्र मिळेल. मी त्याच दुपारी नाव दिलं. प्रयोगशाळा म्हणजे दोन टेबलं, एक जुना संगणक आणि प्रश्नावल्यांचे गठ्ठे. कसबा पेठेतल्या एका मुलींच्या शाळेत जायचं, नववीच्या वर्गाला प्रश्नावल्या वाटायच्या आणि परत येऊन प्रत्येक खूण आकड्यात भरायची, एवढंच काम.

प्रश्नावलीवर नाव नसे, फक्त क्रमांक. पण कोणता क्रमांक कोणत्या मुलीचा, याची यादी प्रयोगशाळा चालवणाऱ्या मॅडमच्या कपाटात होती. ती पाहून मी भडकले. माझे वडील कामगारांची पत्रकं लिहायचे. ती वाचतच मी अक्षरं शिकले. नावांची यादी चुकीच्या हातात पडली की काय होतं, हे आमच्या घरात कोणाला समजवावं लागत नसे. 'कोणालाही कळणार नाही' असं मुलींना सांगायचं आणि कपाटात यादी ठेवायची, ही फसवणूक आहे, असं मी बैठकीत तावातावाने मांडलं.

"अहो क्रांतिकारक," मॅडम म्हणाल्या, "याच मुलींची दुसरी फेरी झाली तर लागेल ती."

पण दुसऱ्या फेरीला निधी येण्याची चिन्हं नव्हतीच, आणि बाकीचे सहाय्यकही माझ्या बाजूने बोलू लागले. शेवटी मॅडमनी कंटाळून यादी माझ्याच हातात दिली. मी तिचे बारीक तुकडे केले. आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी जिंकल्यासारखं वाटलं.

आठवडाभराने आकडे भरायला बसले. एका प्रश्नावलीत 'मला पुढच्या वर्षाबद्दल आशा वाटते' या वाक्यापुढे 'पूर्ण सहमत'वर खूण होती. शेजारी समासात पेन्सिलीने लिहिलं होतं: 'ताई, हे खोटं आहे. परीक्षा झाली की मला शाळेतून काढणार. मांजरी गावाला मावशीची मुलं सांभाळायला पाठवणार. कोणाला तरी सांगा.'

मॅडमनी ते दोनदा वाचलं. "आता शोधणार कशी हिला?" एवढंच म्हणाल्या. टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी वर्गशिक्षिकेला गाठलं. त्या पेठेतच राहायच्या. वर्गातली एक मुलगी शाळा सोडणार आहे, ती कोण ते मला कळायला हवं, असं सांगितलं.

"कागद दाखवा," त्या म्हणाल्या. "वर्गातल्या प्रत्येकीचं अक्षर ओळखते मी."

कागद माझ्या पिशवीतच होता. ओळखल्यावर काय कराल, मी विचारलं.

"काय करणार? घरी जाऊन विचारीन. तिची आई मंडईत भेटतच असेल मला."

म्हणजे संध्याकाळपर्यंत घरी कळणार, की पोरीने घरातली गोष्ट परक्यांना लिहून दिली. कोणालाही कळणार नाही, असं मीच वर्गापुढे उभं राहून म्हटलं होतं. बाई हात पुढे करून थांबल्या. मी म्हटलं, कागद आणलेला नाही.

"मग मी काय पत्रिका मांडू?" असं म्हणून त्या तासाला गेल्या.

मधल्या सुट्टीत मी वर्गात सांगून आले, कोणाला काही बोलायचं असेल तर मी दाराशी आहे. दोघी आल्या. कॉलेजला गणवेश असतो का, विचारून हसत पळाल्या. बाकीच्या माझ्या समोरून डबे घेऊन गेल्या. त्यांच्यातच ती होती.

जूनमध्ये शाळेच्या कारकुनाने नावं न सांगता एवढंच सांगितलं, त्या वर्गातल्या तिघींचे दाखले नेलेत. नोंदवहीत दोघींपुढे 'गावी गेली' होतं, तिसरीपुढे काहीच नाही. मांजरी कुठेच नव्हतं.

तरीही मी मांजरीला गेले. उसाच्या शेतांना लागून नव्या इमारती उठल्या होत्या. दुपारभर त्यांच्यामधून हिंडले. किती तरी बाल्कन्यांत मुली कडेवर लहान मूल घेऊन उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग आतून कोणीतरी बोलावलं आणि ती गेली. मी खालून हाक मारणार तरी कोणत्या नावाने?