वीस वर्षांनंतरचा टेलिफोन

पुण्याहून जालन्याची एसटी सुटली तेव्हा माझ्यासोबत दोन विद्यार्थी, तीन पिशव्या आणि वीस वर्षांनंतरचा एक टेलिफोन होता. टेलिफोन लाकडाचा होता. साबणाच्या वडीएवढा, पांढराशुभ्र. त्या दोघांपैकी निखिलनं तो महिनाभर घासून, रंगवून तयार केला होता. मी डिझाइन शिकवते. उद्याच्या माणसांना काय लागेल ते आज ओळखायचं, हा त्या सत्रातला विषय. सोमवारी बाहेरचे परीक्षक येणार होते. त्याआधी खेड्यातल्या माणसांच्या हातात तो देऊन बघावा, म्हणून ही स्वारी. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. मोबाइल तेव्हा शहरातल्या बड्या लोकांच्याच हातात दिसायचा.

जालन्याहून घनसावंगीची जीप मिळाली. माझी दुसरी विद्यार्थिनी अश्विनी सुट्या चाकावर बसून आली. शेजारच्या आजोबांनी निखिलचा फोन कानाला लावला.

"लागंना की."

"आजोबा, हा वीस वर्षांनी लागणार आहे," निखिल म्हणाला.

"मंग तव्हाच द्या," म्हणत त्यांनी तो परत केला.

आम्ही घनसावंगीजवळच्या एका गावात, गायकवाड गुरुजींकडे उतरलो. गुरुजी शाळेतून निवृत्त झालेले, आता पूर्णवेळ शेतकरी. त्यांच्या पत्नीनं ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी आणि ठेचा वाढला. ठेचा चटणीसारखा खायचा असतो हे निखिलला भाजीसारखा खाल्ल्यावर कळलं.

सकाळी गुरुजींच्या शेतात कापसाची वेचणी चालली होती. तिथं कौसाबाई भेटल्या. निखिलनं त्यांना समजावलं, की हा फोन घरातल्या भिंतीवर एका खोबणीत बसेल.

"घरी मी असते कव्हा?" त्या म्हणाल्या. "दिसभर तर रानात काम करून राह्यले. भिंतीला कोन बोलंल?"

आणि त्यांनी फोन उचलून सरळ ओटीत (वेचलेला कापूस ठेवायला कमरेला बांधलेली झोळी) टाकला. निखिलचा चेहरा पडला. मी खुणेनं त्याला गप्प बसवलं. वापरून बघू दे की!

कौसाबाईंनी मन लावून वापरला. दुपारी निखिलनं फोन मागितला तेव्हा ओटीत फोन नव्हता. सकाळपासून ती तीनदा ढिगावर रिकामी झाली होती.

मग आम्ही सगळे कोपरापर्यंत कापसात. पांढऱ्या ढिगात पांढरा फोन. गुरुजींनी धोतर खोचलं, अश्विनी शिंकून शिंकून बेजार झाली.

"दुसऱ्या फोनवरून ह्याला फोन लावा की," कौसाबाई म्हणाल्या. "वाजंल तिथं हात घालू!"

बायका खो खो हसल्या. अश्विनीनं मात्र शिंकता शिंकता ते वाक्य वहीत उतरवलं.

"अन् पांढरा कोन केला हो ह्याला? कापसाच्या गावात?" कौसाबाईंनी विचारलं.

निखिल क्षणभर थांबला. "चुकलं," एवढंच म्हणाला.

मी साडीला चिकटलेला कापूस काढत राहिले. पांढरा रंग मी सांगितला होता. तो लाल म्हणत होता.

फोन सापडला नाही. संध्याकाळी सगळा ढीग गुरुजींच्या खोलीत जाऊन पडला. "सापडला की पोस्टानं धाडतो," ते म्हणाले. कौसाबाईंना वाईट वाटलं होतं. निघताना त्या निखिलच्या हातावर ओंजळभर शेंगदाणे ठेवून म्हणाल्या, "पुढचा जरा दोरीवाला कर. कमरंला बांधता येईल असा."

परतीच्या एसटीत निखिल मांडीवर कागद घेऊन चित्र काढत होता. खड्ड्याखड्ड्याला रेघ हलत होती. लाल फोन, त्याला दोरी, आणि लांबून ऐकू येईल असा आवाज. मला राहवलं नाही.

"पांढरा मी सांगितला होता रे."

"हो मॅडम."

"मग तिथं बोलला का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबलो होतो," तो म्हणाला, आणि पुन्हा चित्राकडे वळला.

सोमवारी परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, मॉडेल कुठे आहे? कापसात हरवलं म्हटल्यावर त्यांच्या कपाळावर आठी आली. "हा निष्काळजीपणा आहे."

मी उठले. रंग माझा होता, भिंतीची कल्पनाही माझीच होती, आणि फोन ओटीत गेला तेव्हा याला गप्पही मीच बसवलं होतं, असं सगळं सांगून टाकलं. मग निखिलनं हललेल्या रेघांचा तो कागद टेबलावर ठेवला आणि कौसाबाईंचं एकेक म्हणणं सांगितलं. फोनला फोन लावायच्या गोष्टीवर परीक्षक हसले, आणि मग पेन काढून कागदावर वाकले. निखिल पहिला आला नाही, पण चांगल्या गुणांनी पास झाला.

अजूनही मी तोच विषय शिकवते. दर वर्षी पहिल्या तासाला ही सहल सांगते. पोरं हसतात. रंगाचा भाग आला की माझा आवाज जरा खाली जातो, पण तो भाग मी गाळत नाही.