मागच्या चुलीवरचं सोयाबीन

डॉक्टरांनी सांगितलं, रोज दोन अंडी द्या. आबांनी गळ्यातल्या माळेला हात लावला आणि विषय तिथंच संपला.

आबा म्हणजे माझे सासरे. भातकाढणीच्या दिवसांत शेजारच्या प्लॉटच्या कुंपणाची तार त्यांच्या पायात घुसली. साखरेचा आजार जुना, त्यात एवढ्याशानं काय होतंय हा स्वभाव. लोणावळ्याला दवाखान्यात नेलं तोवर अंगठ्याखालची जखम काळी पडायला लागली होती. गोळ्या सुरू झाल्या, एक दिवसाआड ड्रेसिंग सुरू झालं, पण जखम भरायचं नाव घेईना. मांस धरायला प्रोटीन लागतं आणि यांच्या खाण्यात ते नाहीच, असं डॉक्टर म्हणाले. जखम भरली नाही तर अंगठा काढावा लागेल आणि तेवढ्यावर भागेल याची खात्री नाही, हेही त्यांनी आबांच्या तोंडावरच सांगितलं. शेजाऱ्याच्या बैलाबद्दल बोलणं चाललंय अशा थाटात आबांनी मान हलवली. मी मात्र घाबरले. आमच्या गावात एक पाय गेलेली माणसं आहेत, आणि त्यांच्या घरात काय चालतं ते मी बघितलंय.

दूध आबांना सोसत नाही, डाळ खाऊन खाऊन किती खाणार. मग डॉक्टरांनीच सोयाबीनच्या वड्या सुचवल्या.

मला त्या वड्या माहीत होत्या. शनिवार-रविवार मी पवनानगरला पर्यटकांच्या एका कॅम्पवर स्वयंपाकाला जाते. तिथं मांस न खाणाऱ्या पाहुण्यांसाठी सोयाबीनचे तुकडे मसाला लावून काडीला टोचतात आणि निखाऱ्यावर भाजतात. मला त्याचं हसू यायचं. खायचं नाही तर नाही, पण त्याच्यासारखं दिसणारं तरी पाहिजे, ही कसली हौस, असं मी बाकीच्या बायकांना म्हणायचे. आता तेच पाकीट मी पिशवीत घालून घरी आणलं.

पहिल्या दिवशी फसले. वड्या पाण्यात उकळल्या, पण नीट पिळल्या नाहीत. रश्शाला उग्र वास आला आणि दाताखाली वडी मऊ लागायच्याऐवजी चुईचुई करायला लागली. आबांनी तीन खाल्ल्या आणि चपलेचा तळ शिजवलास का म्हणून विचारलं. मग मी दोनदा गरम पाण्यातून काढून घट्ट पिळायला शिकले. बारीक करून पिठल्यात घातल्या, चपातीच्या कणकेत मळल्या. ते त्यांना चाललं. महिनाभरानं ड्रेसिंग करणारी सिस्टर म्हणाली की कडेनं लाल मांस दिसतंय. मला इतका आनंद झाला की परतीच्या बसमध्ये मी आबांना वडापाव घेऊ का विचारलं, आणि साखरेच्या माणसाला असलं विचारते म्हणून त्यांचीच बोलणी खाल्ली.

इथं आमच्या घरची एक रीत सांगायला हवी. माझा नवरा आणि मुलं मटण खातात, मीही खाते. आबा खात नाहीत. म्हणून मटण घरात शिजत नाही. ते परसातल्या मागच्या चुलीवर शिजतं, एका ठरलेल्या जर्मनच्या पातेल्यात. त्याचा डाव वेगळा, आणि ते पातेलं घासून गोठ्याच्या फळीवर पालथं घातलेलं असतं. त्या दिवशी आबा लवकर जेवून पुढच्या ओट्यावर जाऊन बसतात. हा नियम त्यांनीच घालून दिला, आणि कधी कुणाला टाकून बोलले नाहीत. त्याच्या आधी जत्रेचं मटण तेच शिजवायचे. चार गावांत त्यांच्या हाताची चव माहीत होती. सासूबाई गेल्या आणि त्यांनी माळ घातली. त्यानंतर त्या चवीची आठवणही त्यांना राहिली नसेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

तर एका बुधवारी मला हुक्की आली. माणूस रोज पिठलंच खातोय, आज जरा रस्सा करू. म्हणतात ना, हात दाखवून अवलक्षण. सुकं खोबरं आणि कांदे निखाऱ्यात भाजायचे म्हणून मी मागची चूल पेटवली. वाटण केलं, घरचा काळा मसाला काढला. आणि माझे हात आपोआप फळीकडे गेले. डोळ्यांपुढं तुकडे, नाकात तो वास, पुढ्यात ती चूल. वर्षानुवर्षं त्यानंतर जे भांडं घ्यायचं तेच मी घेतलं. मनात काही आलंच नाही. आलं असतं तर थांबले नसते का?

आबांना ताट दिलं. त्यांनी एक तुकडा खाल्ला, दुसरा खाल्ला, भाकरी चुरून रस्सा ओतून घेतला. इतकं मन लावून जेवताना मी त्यांना कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. मी खूश होऊन दुसरी भाकरी थापत होते. मग त्यांनी एक तुकडा बोटांनी उकलला, त्याचे धागे सुटे केले आणि परसाकडं बघितलं.

“कुटल्या भांड्यात केलं?”

माझा नवरा शेजारीच जेवत होता. त्यानं मला डोळ्यानं खुणावलं, गप्प बस म्हणून. पण मला खोटं बोलायला सुचलंच नाही. मटणाच्या पातेल्यात केलं, घासलेलं होतं, चुकून झालं, हे सोयाबीनच आहे, पाकीट दाखवू का, असं मी एका दमात बोलून गेले. नवरा म्हणाला की आबा, भांड्यानं काय होतंय, पायाकडं बघा.

आबांनी ताट बाजूला सरकवलं. चिडले असते तर बरं झालं असतं.

“भांड्याचं काय न्हाई, पोरी. सोयाबीन हाय ते मला ठावं हाय. पर मी ते मटान समजूनच खाल्लं. लय बरं वाटलं मला.” मग म्हणाले, “माळ घातल्यापास्नं येक बी दिस असा न्हाई गेला, की मला त्याची याद आली न्हाई.”

नवरा हातातला घास तसाच धरून बसला. माझी तव्यावरची भाकरी जळाली.

दोन दिवस आबांनी सोयाबीनचं नाव काढू दिलं नाही. मी कणीक मळायला बसले की आबा ओट्यावरून विचारायचे, त्यात घातलं न्हाईस ना? नवऱ्याचं म्हणणं, नाही म्हणायचं आणि घालायचं. मला ते जमेना. आपल्याशी इतकं खरं बोललेल्या माणसाला पिठात लपवून कसं फसवायचं? पण पायाचं काय करायचं? मी चिडचिड केली, मुलांवर ओरडले, एकदा गोठ्यात जाऊन रडून आले. तिसऱ्या दिवशी मी सरळ त्यांच्यापुढं जाऊन बसले आणि विचारलं की तुमचा पाय गेला तर तुम्हाला कोण उचलणार? मीच ना? मग माझाही जरा विचार करा.

आबांनी पायाच्या पट्टीकडं बघितलं. मग म्हणाले, औषध म्हणून दे. मीठ नको, मसाला नको, तेल नको.

तेव्हापासून मी वड्या नुसत्या पाण्यात उकळते, पिळते आणि वाटीत घालून देते. ज्या हाताचं जेवण जेवून कॅम्पवरचे पाहुणे पुन्हा पत्ता विचारत येतात, त्या हातानं मी चव काढून टाकते. आबा एकेक वडी चावून चावून गिळतात आणि पाणी पितात. जखम भरत आलीय. डॉक्टर माझं कौतुक करतात आणि मला ते ऐकवत नाही.

परवा शेजारी पाहुणे आले होते. त्यांच्या मटणाला फोडणी बसली आणि वास सरळ आमच्या ओट्यावर आला. आबांच्या हातात वडी होती. त्यांनी ती तोंडात घातली नाही. वारा फिरून वास जाईपर्यंत ते तसेच बसून राहिले, आणि मग खाल्ली.