कौसामावशीचं माहेर

कौसामावशी पाखरांच्या तळ्यावर पाखरं बघायला कधीच गेली नाही. बाकीचे लोक गळ्यात दुर्बीण अडकवून येत; मावशी नव्या बांगड्या भरून, डब्यात शेंगदाण्याच्या पोळ्या घेऊन जायची.

दिंद्रुडच्या पलीकडचं हे तळं आता वनखात्याचं राखीव क्षेत्र आहे. पूर्वी मावशीचे वडील त्यात शिंगाडा लावत. वडील गेले, भाऊ नव्हता, शिंगाडा बंद पडला आणि तळं पाखरांना मिळालं. मी बी.ए. झालो तो मावशीच्या घरी जेवून. तिला मोटारसायकलवरून तळ्यावर नेण्याचं काम त्यामुळे माझ्याकडेच होतं.

पहिल्या वेळी फाटकावरचे वनरक्षक साबळे म्हणाले, "पाहुणे, इकडून या."

मावशी जागीच थांबली. "पाहुणी कावून? म्या माहेरी आले. बाप न्हाई, भाऊ न्हाई. आता हितं तूच हायस, तवा तूच भाऊ."

साबळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे पाहिलं.

तेव्हापासून ते दादा झाले. "दादा, लई वाळलास. वैनी जेवू घालती का न्हाई?" साबळे गंभीरपणे म्हणत, "घालती की, आक्का." आणि पोळी खात.

तळ्याच्या एका कोपऱ्यात वडिलांच्या शिंगाड्याच्या वेली अजून आपोआप येत. मावशीला तेवढंच बघायचं असे. एका वर्षी वरून आदेश आला की शिंगाडा हे लागवडीचं पीक आहे, नैसर्गिक नाही. उरलेल्या वेली उपटून टाका. साबळ्यांनी तो मावशीला वाचून दाखवला. तिने शेवटपर्यंत ऐकला, मग फाटकात बसून पदर पसरला.

"निघते म्या. ओटी भर."

"हितलं पानबी भाईर नेता येत न्हाई, आक्का. नियम हाय."

"न्यायचं कुनी म्हनलं? त्या येली वटीत घातल्या म्हन, आन् तितंच ऱ्हाऊ दे. लेक माहेरातनं रिकाम्या वटीनं निघत न्हाई."

फाटक बंद करायची वेळ टळून गेली. मावशी बसलेलीच. साबळ्यांनी एकदा टोपी काढली, पुन्हा घातली.

"घातल्या," ते म्हणाले.

त्या कोपऱ्यात गाळ फार आहे, माणूस उतरत नाही, असं त्यांनी वर कळवलं. गाळ होताच.

मागच्या उन्हाळ्यात मावशी गेली. आमच्याकडे सवाष्णीच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. शेजारणी म्हणाल्या, दुकानातून आणलं तरी चालतं. मी साबळ्यांना फक्त बातमी कळवली होती. ते वर्दीवरच आले. मागे त्यांची बायको, हातात हिरवं लुगडं.

दारातल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुमी कोन?"

"माहेरचा," साबळे म्हणाले, आणि बूट काढून आत गेले.