मुकी बेल आणि माझे सन्मानपत्र

माझे संपूर्ण नाव देविदास संपतराव खंडारे, वय सत्याहत्तर वर्षे, राहणार राजापेठ, अमरावती. शिक्षण सातवीपर्यंत, पुढचे सारे मी वाचनालयातून मिळवले. त्या वाचनालयाच्या बाकावर आम्ही म्हातारे रोज सकाळी बसतो, आणि जुन्या वर्तमानपत्रांप्रमाणे तेथे किस्से साठत जातात. आमच्या बेलचे किस्से तर मंडळी मला पुनःपुन्हा सांगायला लावतात!

* * *

आरंभ मुलीच्या फोनने झाला. ती अकोल्याला दिलेली. तिचे सासरे, म्हणजे माझे व्याही, निवृत्त तलाठी. शिष्टाचाराचे मोठे पक्के. ते घरच्या तुरीची डाळ घेऊन आमच्या दाराशी आले, तीन वेळा बेल दाबली, आणि डाळीसकट अकोल्याला परत गेले! आतून माझा आवाज त्यांना स्पष्ट ऐकू येत होता. मी पत्नीला अग्रलेख वाचून दाखवत होतो.

"बाबा, घरात असून तुमी दार कावून नाही उघडलं?" मुलगी रडवेली झाली होती. "मामंजी माह्याशी बोलूनच नाही राहिले."

बेल वाजलीच नव्हती! मी व्याह्यांना फोन करून विनवले. रविवारी येण्याचे त्यांनी मान्य केले. मात्र दार पुन्हा उघडले नाही तर येणेजाणे कायमचे बंद, असेही बजावले.

* * *

बेल केव्हापासून बंद होती? कोणालाही सांगता येईना, कारण आमच्याकडे ती दाबतो कोण? दूधवाला गेटवरून हाक मारतो. शेजारीण थेट स्वयंपाकघरात येते. भातकुलीचे माझे मित्र शेषराव तर कोपऱ्यापासूनच ओरडत येतात. आपण बेल शेवटची कधी दाबली, असे मी त्यांना विचारले.

"मले तोंड हाय ना," शेषराव म्हणाले.

* * *

मी घरगुती विद्युतजोडणीवरचे पुस्तक आणले, दोन दिवसांत वाचून संपवले, टिपणे काढली आणि बाकावर व्याख्यानही दिले. निदान निःसंदिग्ध होते: बेल जळाली आहे. मेन स्विच बंद करून मी नवी बेल स्वहस्ते बसवली. तीही मुकी!

पत्नी एवढेच म्हणाली, "पुस्तक वापस करा अन् हबीबभाईले बोलवा."

* * *

हबीबभाई मूळचे परतवाड्याचे. आमच्या घराचे वायरिंग त्यांनीच केलेले. त्यांनी माझी 'जळालेली' बेल दुसऱ्या बोर्डावर जोडली. ती खणखणीत वाजली! मग दाराबाहेरचे बटण उघडले, तेही उत्तम. तेव्हा दोष मधल्या वायरीत. वायर भिंतीतून सरळ वर जाते, असे म्हणत त्यांनी बटणापासून वर नजर नेली, आणि ती थबकली.

तेथे, येणाऱ्याजाणाऱ्यांना दिसावे म्हणून दाराबाहेर लावलेले, माझे सन्मानपत्र होते. वाचनालयाने मला उत्कृष्ट वाचक म्हणून दिलेले. चार इंची खिळ्यावर, मी स्वतः ठोकलेल्या!

"काका," हबीबभाई शांतपणे म्हणाले, "सन्मान तुमचा, खिळा तुमचा, अन् इल्जाम बेलवर?"

* * *

रविवारपूर्वी नवी वायर ओढून झाली. हबीबभाई आणि शेषराव मुद्दाम येऊन बसले. बरोबर अकरा वाजता बेल वाजली!

काय सांगू तो आनंद! हबीबभाईंनी माझा हात दाबला. शेषरावांनी बोट वर करून सर्वांना गप्प केले. बेल दुसऱ्यांदा वाजली. आम्ही माना डोलावल्या. तिसऱ्यांदा वाजली; पहिल्यापेक्षाही सुरेल!

"अवो, आयकून काय राहिले?" स्वयंपाकघरातून पत्नी कडाडली. "दार उघडा ना!"

मी दार उघडले तेव्हा व्याही पाठ फिरवून गेटपर्यंत पोचले होते, हातात डाळीची पिशवी. मी अनवाणी धावलो. वाट अडवली, खिशातला तो खिळा तळहातावर धरला आणि सन्मानपत्रासह सारी हकीकत कबूल केली. पुस्तकाचे आणि नव्या बेलचेही लपवले नाही.

त्यांनी खिळा उचलला, उन्हात धरून नीट न्याहाळला.

"म्हंजे तुमच्या सत्कारापायी मी दारात उभा होतो?"

मी मान खाली घातली.

"धरा ही डाळ," ते म्हणाले. "जड हाय."

सन्मानपत्र आता कपाटात आहे. बेल उत्तम वाजते. व्याही मात्र हल्ली गेटवरूनच हाक मारतात.