वामीचं बीळ

सुकाबुमीच्या आमच्या डोंगरावर कुणाचं माशांचं तळं गळू लागलं की अबाह सार्जांना बोलवायचं. अबाह म्हणजे तुमचे आबा. ते तळ्यात उतरत, पायानं चाचपून बांध पोखरणाऱ्या वाम माशाचं बीळ शोधत, त्यात चिकणमातीचा गोळा कोंबत आणि म्हणत, "आता थेंब गेला तर मला विचारा."

त्यांचं स्वतःचं तळं उतारावर, आणि घर त्याच्या खाली, डोंगर कापून बसवलेलं. आमची लाल माती इतकी खोल भुसभुशीत, की विहीर खणली तरी दगड लागत नाही. कुदळीला सोपी म्हणून आम्हाला तिचं कोण कौतुक.

त्या साली पाऊस थांबेना, आणि भर पावसात अबाहांच्या तळ्याचं पाणी उतरू लागलं. नातीच्या लग्नासाठी पाळलेले गुरामी मासे त्यात. अबाहांनी वाम शोधली, सापडली नाही. मग ओढ्याचं पाणी बांबूच्या पन्हळीनं तळ्यात वळवलं. जेवढं गळे तेवढं भरत.

"स्वयंपाकघराचं दार लागत नाही," त्यांची बायको ईचीह म्हणाली.

"पावसानं फुगलंय लाकूड."

"आणि मागच्या भिंतीतून गढूळ झरा फुटलाय, तो?"

"घरबसल्या पाणी मिळतंय, तरी हिची कुरकुर."

ईचीह उठली. ती वर गेली, पन्हळ बाजूला केली आणि तळ्याचा दट्ट्या उपसला. मासे शेजाऱ्यांच्या घमेल्यांत गेले, दोन माझ्याही. दुसऱ्यांची तळी बुजवणाऱ्याचं तळं बायकोनं रिकामं केलं म्हणून आम्ही पोट धरून हसलो. अबाह तणतणत चिखलात उतरले, तिला बीळ दाखवायलाच. बीळ नव्हतंच. तळाला आडवी भेग होती, आणि खांद्यापर्यंत हात घातला तरी बूड लागेना. सगळं पाणी डोंगराच्या पोटात गेलं होतं.

दुपारी दोघांनी घर सोडलं. तिसऱ्या दिवशी डोंगर घरावर येऊन बसला. गावानं निकाल दिला, तळं रिकामं केलं म्हणून डोंगर रुसला. मीही मान डोलावली, त्याची आता लाज वाटते.

कारण परवा माझ्या घरावरचं तळं गळू लागलं. अबाह मातीचा गोळा घेऊन आले, पण काठावरच थांबले.

"स्वयंपाकघराचं दार लागतं का रे?"

"नाही. पावसानं फुगलंय," मी म्हणालो.

त्यांनी गोळा खाली ठेवला.

"बायकोला हाक मार," ते म्हणाले. "भांडी राहू देत."