सुजाचे लंगोट

फोन आला तेव्हा इंदापूरच्या आमच्या शाळेत पोषण आहाराची खिचडी वाटणं चालू होतं. माझा थोरला भाऊ पलीकडून म्हणाला, "छाया, तुझ्या वहिनीला बारामतीला हलवलंय. पोटात लई दुखतंय तिच्या. निघ तू." मी हातातला डाव मदतनीस बाईंकडं दिला आणि मिळाली ती एसटी धरली. दवाखान्याच्या पायरीवर दादा बसला होता. "गेली," एवढंच म्हणाला. मग थोड्या वेळानं, खाली बघत... "ऑपरेशनला उशीर झाला म्हणत्यात." तिला आदल्या दिवशी संध्याकाळीच तिथं आणलं होतं, हे मला तिथं गेल्यावर कळलं.

म्हणत्यात. या शब्दाला आता दीडेक महिना होत आला, पण तो माझ्या कानातून जात नाही. जसा काही उशीर पाऊस होऊन आला होता, आणि कुणी लांबचे लोक त्याबद्दल काही बोलत होते.

पुण्यानुमोदनाच्या दिवशी सणसरच्या आमच्या घरापुढं मांडव होता. त्रिशरण-पंचशील झालं आणि भाषणं सुरू झाली. शोभावहिनी त्यागमूर्ती होती. हसतमुख होती. तिनं कधी तक्रार केली नाही. एका पाहुण्यांनी तर सांगितलं, की अशा अपंग मुलीला फुलासारखं जपणारी आई या तालुक्यात दुसरी नसेल. मी पुढच्याच रांगेत बसून ऐकत होते आणि माझ्या हाताला साबणाचा वास येत होता. ज्या बाईबद्दल हे लोक बोलत होते, ती मला माहीत नव्हती. मला माहीत असलेली शोभावहिनी रागीट होती. रोज तक्रार करायची, मोठ्यानं करायची. ती कुणी ऐकली नाही, म्हणून ती नव्हती असं होत नाही.

ती नरसिंहपूरकडची. लग्न होऊन आली तेव्हा मी डी.एड. करत होते. ठेंगणी, भराभर चालणारी, बोलायला फटकळ. मला 'वन्सं' म्हणायची, पण तोंडावर खोटं बोलायची नाही. माझ्या हातचं कालवण खाऊन पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "वन्सं, शिकायला चाललाय ते बरं हाय. सैपाकात तुमचं काय खरं न्हाय." आमची तेव्हाच दोस्ती झाली.

सुजाता जन्मली ती रडलीच नाही. वेळेवर रडली असती तर पुढचं सगळं वेगळं झालं असतं, असं नंतर डॉक्टर म्हणाले. मान धरायला तिला वर्ष लागलं. बसणं, चालणं, बोलणं आलंच नाही. शी-शूही कळली नाही, ती कळणार नाही हे वहिनीला सगळ्यांच्या आधी समजलं. बाकीचे नवस, मालिश आणि पुण्याचा कुणी डॉक्टर यांच्या गप्पा मारत होते, तेव्हा तिनं पेटीतून लग्नातली पांढरी सुती साडी काढली आणि कात्री लावली. आई ओरडली, "अगं, लग्नाची साडी ती." वहिनी फाडता फाडता म्हणाली, "आत्या, नवं कापड पाणी पीत न्हाय. ही धुवून धुवून मऊ झालीया. पोरीला हीच पायजे."

पोर वाढत गेली तसे लंगोट वाढत गेले. तान्ह्या बाळाला पुरतो तो तिकोनी तुकडा दहा वर्षांच्या मुलीला पुरत नाही. मग जुन्या चादरी, धोतरं, आम्हा सगळ्यांच्या विटलेल्या सुती साड्या. मधे जाड घडी शिवायची, बाजूला नाड्या. माझ्याकडून ती हक्कानं साड्या मागायची, आणि टेरिकॉटची मिसळ असली तर परत माझ्याच हातात द्यायची. धुण्याची तिची पद्धत ठरलेली होती. आधी गार पाण्यात खळबळून काढायचं, गरम पाण्यानं डाग बसतो. मग बादलीत भिजत. साबण थोडाच, पण खळखळून इतकं धुवायचं की शेवटचं पाणी पिण्याच्या पाण्यासारखं दिसलं पाहिजे, कारण राहिलेला साबण कातडीला खातो. आठवड्यातून एकदा सगळे लंगोट मोठ्या पातेल्यात उकळायचे. वहिनीच्या धाकट्या जावेनं एकदा लाडानं त्यात कपडे मऊ करायचं वासाचं औषध ओतलं, तर त्या खेपेचे लंगोट पाणीच शोषेनात, सगळं मांड्यांवरून खाली. वहिनीनं तिला दिवसभर बोलून घेतलं. आणि शेवटी कडक ऊन... उन्हाशिवाय काही खरं नाही, असं तिचं ठाम मत होतं.

त्या उन्हावरूनच घरात पहिलं मोठं भांडण झालं. आमच्या घरापुढं रस्त्याच्या अंगाला मोकळी जागा आहे, तिथं सकाळपासून ऊन. वहिनीची दोरी तिथंच. माझ्या धाकट्या भावाच्या, अण्णाच्या मुलीला बघायला पाहुणे यायचे होते. आईनं आणि अण्णानं सांगितलं, दोरी मागं शेळ्यांच्या छपरात बांध, दारात हे बरं दिसत नाही. एवढी मोठी लंगोटं बघून लोक काय विचारतील. वहिनीनं पाहुण्यांपुरतं म्हणून ऐकलं. पण पाहुणे गेले तरी दोरी पुढं आणू देईनात, कारण दुसरे यायचे होते, मग तिसरे. दमट लंगोटांनी सुजाच्या जांघेत लाल चट्टे उठले, मग ते फुटले. बोलता न येणारं लेकरू, नुसतं कण्हायचं आणि तळहात चावायचं.

मी त्या रविवारी तिथं होते. वहिनीनं छपरातली दोरी सोडली, पुढं आणली आणि दाराच्या अगदी समोर, येणाऱ्याच्या डोक्याला लागेल अशी बांधली. अण्णा म्हणाला, "वैनी, माझ्या पोरीचं लगीन मोडायचंय का तुमाला?"

"तुमची पोर पोर हाय," वहिनी म्हणाली, "आन् माझी काय हाय? ह्या दोरीला जो हात लावंल त्याच्या अंथरुणात मी भिजली लंगोटं टाकीन. मग कळंल कसं वाटतंय ते."

कुणी हात लावला नाही. दादा तिथंच खुर्चीवर पेपर वाचत बसला होता. त्यानं पान उलटलं.

माझा दादा दुष्ट नाही, हे लिहायला मला सोपं जात नाही. बारामतीच्या एमआयडीसीत नोकरी, व्यसन नाही, बायकोवर कधी हात उगारला नाही. एकदा तो मोटारसायकलला अडकवून मोठ्या माणसांच्या डायपरचं भलंमोठं पुडकं घेऊन आला आणि उजळ तोंडानं म्हणाला, "घे, तुझी धुण्याची कटकट मिटली." वहिनीनं ते वापरून पाहिलं, नाही असं नाही. प्रवासाला, दवाखान्यात न्यायला ती ते ठेवायचीच. पण सणसरच्या उन्हाळ्यात, पत्र्याखाली, दिवसभर एकाच कुशीवर पडलेल्या मुलीची कातडी त्यात शिजून निघाली. वापरलेले टाकायचे कुठं, हाही प्रश्न होता. गावची कुत्री ते उकिरड्यावरून ओढून आणायची. वहिनी परत लंगोटांकडं वळली, तर दादा दुखावला. "आणून दिलं तरी हिला धुवायचंच हाय," असं पुढं कित्येक वर्षं चारचौघांत सांगत राहिला. त्यानं सुजाच्या मांडीवर डायपरनं झालेली जखम पाहिली होती का, हे मी त्याला विचारलं होतं. नव्हती पाहिली. मुलगी मोठी झाली, बाप कसा बघणार, असं त्याचं उत्तर होतं. आणि मुलगी लहान असताना उत्तर असं होतं, की हे बायकांचं काम.

सुजा विशीत आली तेव्हा वहिनीच्या जवळजवळ वजनाची झाली होती. दिवसातून कितीतरी वेळा तिला कुशीवर वळवायचं, कंबर उचलायची, खालचं ओढून घ्यायचं, नवं सारायचं. वहिनीच्या बेंबीजवळ गाठ आली. बारामतीच्या डॉक्टरांनी हर्निया सांगितला. ऑपरेशन साधं आहे, पण पुढं काही महिने वजन उचलायचं नाही. आम्ही सगळं ठरवलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत सुजाला मी इंदापूरला माझ्याकडं नेणार, वहिनी ऑपरेशन करून घेणार. तारीखही मिळाली. मी माझ्या गच्चीवर दोऱ्या बांधून घेतल्या.

त्याच आठवड्यात अण्णाच्या मुलीचा साखरपुडा ठरला. दादाचा फोन आला, "छाया, एवढा कार्यक्रम उरकू दे. घरात बाई पायजे. तारीख काय, पुन्ना मिळंल." मी दुसऱ्याच दिवशी सणसरला गेले आणि भांडले. अण्णाशी भांडले, आईशी भांडले. आई म्हणाली, "आमाला काय कमी दुखणी होती व्हय? आमी केलीच की कामं." साखरपुड्यानंतर लग्न आलं. लग्नानंतर पावसाळा. वहिनी पोटावर फडकं घट्ट बांधून सुजाला उचलत राहिली.

शाळा सुरू झाली होती, तरी मी तिला म्हटलं, "रजा काढते, तू चल माझ्याबरोबर. दादाला विचारूच नको." तेव्हा ती भिजल्या बादलीपाशी बसली होती. म्हणाली, "न्हाय वन्सं. तुमी न्याल, मला ठावं हाय. पर ह्यांनी एकदा तारीख घेऊ द्या. सवताच्या तोंडानं. माझ्यासाठी म्हनून. आजवर मी काय मागितलंय दुसरं?"

त्या हट्टाचा मला आजही राग येतो. ती गेली आहे आणि तरी येतो. आणि मग वाटतं, केवढीशी गोष्ट मागितली होती तिनं.

दादानं तारीख घेतली नाही. घेणार होता म्हणे. मग एका सकाळी तिला उलट्या सुरू झाल्या, तेव्हा घरात पित्तावरची गोळी दिली. दुपारी सोडा दिला. गाठीत आतडं अडकलं होतं. दवाखान्यात पोट उघडलं तेव्हा ते काळं पडलेलं होतं.

तर पुण्यानुमोदनात, भाषणं संपत आल्यावर कुणीतरी म्हणालं, बाईंनी दोन शब्द बोलावेत. मी शिक्षिका, मला बोलता येतं असा समज आहे. मी उभी राहिले. खूप काही बोलायचं ठरवलं होतं, तोंडातून एवढंच निघालं, "सुजाचे लंगोट आज सकाळी कुणी धुतले, हे इथं कुणाला माहीत आहे का?"

दादानं माझ्याकडं पाहिलं.

"मी धुतले. काल पण मीच. वहिनी गेल्यापासून ज्यांनी तिला त्यागमूर्ती म्हटलं, त्यातल्या एकानंही आत जाऊन सुजा ओली आहे का, हे पाहिलेलं नाही. आपण होऊन केला तर त्याला त्याग म्हणतात. वहिनीनं केला नव्हता. तुम्ही सगळ्यांनी मिळून तिच्यावर टाकला होता."

मी बसले. मग घाईघाईनं शेवटची गाथा झाली आणि जेवणाची पानं मांडली गेली.

संध्याकाळी घरातली मंडळी बसली. सगळ्यांचं आधीच ठरलं होतं. अण्णा म्हणाला, "छायाताई, तूच ने तिला. तुझ्याकडं ती ऱ्हाईल. तुझा जीव हाय तिच्यावर." जीव आहे. म्हणूनच मी नाही म्हटलं. मी म्हटलं, सुजा तिच्या बापाच्या घरी राहील. मी रजा काढून इथं थांबते, दादाला सगळं शिकवते. सुट्टीत नेईन, आजारपणात येईन, आणि अंघोळीला, पाळीच्या दिवसांत मदतीला गावातली एक बाई लावून देईन. पण रोजचे लंगोट तिचा बाप धुवेल. आई रडायला लागली, पुरुषमाणसाला हे काय करायला लावतेस म्हणून. मग दादा म्हणाला, "दाव कसं ते."

पहिल्या सकाळी तो बादलीपाशी बसला आणि ओकला. चूळ भरून परत बसला. त्यानं आधी गरम पाणी घेतलं, ते मी ओतून टाकायला लावलं. मला त्याची दया आली नाही. येईल असं वाटलं होतं. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, मान खाली घालूनच त्यानं विचारलं, "रोज एवढी लंगोटं असायची?" मी म्हटलं, "पावसाळ्यात जास्त."

रजा संपवून मी इंदापूरला आले. मागच्या आठवड्यात आभाळ भरलेलं होतं, तर त्याचा फोन आला. "छाया, लंगोट वाळंनात. ऊन न्हाय. काय करायचं?"

"वहिनी काय करायची?"

तो म्हणाला, "मला ठावं न्हाय गं. मी कधी बघितलंच न्हाय."

विशीतली मुलगी आहे त्याची. इतकी वर्षं ते एका घरात राहिले. मी सांगितलं, बांबूची मोठी पाटी पालथी घालायची, खाली निखाऱ्यांचं घमेलं, वर लंगोट पसरायचे, आणि शेवटी इस्त्री फिरवायची, शिवणीत ओल राहते. तो "हां, हां" म्हणत राहिला.

रविवारी मी गेले तेव्हा ऊन पडलं होतं. सुजाची खाट दारातून बाहेर दिसेल अशी ओढलेली होती. तिच्या मांड्या कोरड्या, स्वच्छ होत्या, तेल लावलेल्या. वहिनी दोरीवर टाकण्याआधी प्रत्येक लंगोट दोन्ही हातांनी हवेत जोरात झटकायची. फट्ट आवाज व्हायचा, पाण्याचे तुषार उडायचे, आणि सुजा दर वेळी खदखदून हसायची. वहिनी मग मुद्दाम आणखी जोरात झटकायची. तिला रागात पाहिलेल्यांपैकी फारच थोड्यांनी हे पाहिलं असेल. मी दाराशी बसून पाहत होते. दादानं बादलीतून लंगोट उचलला, पिळला, आणि झटकला. बऱ्यापैकी आवाज झाला. सुजानं मान वळवली, तोंड उघडलं, हसायला आली... आणि दोरीपाशी कोण आहे ते पाहून थांबली. तिची नजर त्याच्या मागं, रस्त्यापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. दादानं दुसरा लंगोट उचलला. आणखी जोरात झटकला.